शेवटचा सामना तुझ्यासाठी ठेवलाय

मार्तंडदादा,

मी खो-खोच्या सामन्यासाठी वालूरला चाललेय, पाचच्या बसनं परत येते. कॅप्टन आहे मी आता! तुला सांगायचंच राहिलं.

आधी कबूल करते. नापास होऊन पुण्याहून आलास तसा तू भिंतीकडं तोंड करून पडून आहेस, म्हणून तुझा कॉम्प्युटर मीच टीव्हीला जोडला आणि तुझा तो फुटबॉल मॅनेजरचा खेळ खेळले. तू सुरुवातीलाच नावाजलेले खेळाडू घेतोस अन् दर सामन्याला त्यांनाच पळवतोस. मी नवीन कुणालाच घेतलं नाही. आमी खो-खोत करतो तसं केलं. दमला की एक सामना बसवायचा, टीममधून काढायचा नाही. ताकद भरून येते. दादा, पहिल्याच वर्षी आपली टीम एक नंबरला आहे!

लाईट गेली की कॉम्प्युटरमधलं सगळं पुसतं, म्हणून तू करतोस तसा टेपरेकॉर्डर जोडून खेळ आईच्या भजनाच्या कॅसेटवर भरून ठेवलाय. दोन अभंग पुसले गेले, तिला इतक्यात सांगू नको. शेवटचा सामना मी खेळले नाही. तो तुझा.

पण त्याआधी टीव्हीवर ठेवलेला परीक्षेचा फॉर्म बघ. बाबांनी सगळा भरलाय, सही तेवढी तुझी राहिलीय. आज चारच्या आत पोस्टात पडला नाही तर हे वर्ष गेलं. बाबा स्वतः तुला म्हणणार नाहीत. सकाळी आईला सांगत होते, "त्याला काही बोलू नको. लय दमलंय पोरगं."

दमलाच होतास. म्हणून एक सामना बसलास. आता ऊठ.

अंबिका