मेंढवाड्यातला शंभरचा बल्ब

शिक्रापूर
६ डिसेंबर २०२४

ती. आत्यास बिरदेवचा साष्टांग दंडवत. वि. वि.

आधी कबूल करतो. हे पत्र दिवाळीहून परतलो त्याच दिवशी लिहायला घेतलं होतं. तारीख घातली आन् पेन संपलं. पेन आणायला निघालो तर चौकात उसाचा ट्रॅक्टर कलंडलेला. मोळ्या उचलू लागलो, तिथं एकाशी ओळख झाली, त्याच्यासंगं रांजणगावला गेलो. असा महिना गेला. माझा फोन भीमेत पडला तो पडलाच. पण तू म्हणालीस ते खरं, फोनवर मी मधेच पळतो, कागद पळत न्हाई. अक्का वाचून दाखवतेय ना? अक्के, अक्षराला हसू नको.

बल्बच्या शेडमधलं काम अजून टिकलंय. दिवसभर तयार एलईडी लावून बघायचा, पेटला तर खोक्यात, न्हाई तर टोपलीत. आमच्या सायली मॅडम सांगतात, जुन्या पिवळ्या बल्बात बारीक तारेचं वेटोळं असतं. वीज ते तापवते, इतकं तापवते की ते उजळायला लागतं. शंभर भाग वीज खाल्ली तर उजेड पाचेक भागाचा, बाकी नुसती गरमी. सगळी वाया. एलईडीत तारच न्हाई, ज्वारीच्या दाण्याएवढे तुकडे असतात. नऊ वॅटमध्ये साठच्या बल्बाएवढा उजेड.

म्हणून तर दिवाळीत घरातले झाडून सगळे बदलले. मेंढवाड्यातला शंभरचा सगळ्यांत उधळ्या. सहा मेंढ्यांना एवढा कशाला? काढताना बोट भाजलं माझं, तसाच उकिरड्यावर भिरकावला. आता तिथं कसं लख्ख दिसतं बघ. बिल आलं की कळव आन् शाबासकी पाठव.

जालिंदरमामांच्या दुधाच्या टेम्पोतून पत्र देतोय. उशिराचा राग अर्धाच कर, माया होती तेवढी राहू दे.

तुझा बिरदेव

वडगाव रासाई
९ डिसेंबर २०२४

चि. बिरदेव यास अक्काचा आशीर्वाद.

तुझं पत्र आत्याला दोनदा वाचून दाखवलं. ट्रॅक्टरपाशी हसली. बल्बपाशी ‘पुढं वाच’ म्हणाली. तुला कळवू नको म्हणाली होती, पण मी कळवतेय.

भुऱ्या मेंढीला जुळं झालं. दोन्ही कोकरं अशक्त, मेंढीला दूध नाही. नदीकाठचा गारठा तुला काय सांगू. तू चौदाव्या वर्षी घर सोडलंस, त्याच्यानंतर एक हिवाळा तरी इथं काढलास का? म्हणून तुला ठाऊक नाही. आत्या दरवर्षी तो शंभरचा बल्ब खाली हातभर सोडते आणि नवी कोकरं त्याच्याखाली ठेवते. तो उजेडासाठी नव्हताच रे. तुझी ती वाया जाणारी गरमी, तीच तर हवी होती.

एक कोकरू परवा पहाटे गेलं. तुझ्या पांढऱ्या उजेडात ते कसं कुडकुडतंय हे मात्र आम्हाला नीट दिसलं. हे लिहू नये, पण लिहिलं.

दुसरं आत्याच्या मांडीवर आहे, घोंगडीत. गरम पाण्याच्या बाटल्या ठेवतो, तासाभरात गार होतात. आत पाचट अंथरलेलं, शेगडी ठेवायची भीती वाटते. आत्या चार दिवस तशीच बसून आहे. गुडघे धरलेत, उठवलं तरी उठत नाही. शिरूरच्या तीन दुकानांत विचारलं, शंभरचा बल्ब आता ठेवतच नाहीत म्हणाले.

तू तुझी तब्येत सांभाळ. घरचं दार उघडं आहे, हे विसरू नको.

तुझी प्रगती अक्का

दौंड
११ डिसेंबर २०२४

सौ. अक्कास बिरदेवचा नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र मी शेडच्या मागं बसून वाचलं. त्या दिवशी किती बल्ब पेटले आन् किती न्हाई, मला काही कळलं न्हाई.

काल सगळी दुकानं पालथी घातली. एका पोल्ट्रीवाल्याकडं गेलो, त्यानं पिल्लांना गॅसची शेगडी लावलीय. मग कुणीतरी दौंडला रेल्वे कॉलनीतल्या हौसरावांचं नाव सांगितलं. रिटायर माणूस, तबल्याचा नाद. पावसाळ्यात तबल्याला ओल धरू नये म्हणून कपाटात पिवळा बल्ब लावून ठेवायचे. शंभरचाच. एकच होता. मी कोकराचं सांगितलं तर त्यांनी कपाट उघडून काढून दिला, वर जेवायला बसवलं. तबल्याचे दोन बोलही शिकवले, पण ते राहू दे.

बल्ब मफलरीत गुंडाळून हौसरावांच्या शेजारच्या सुदर्शनजवळ देतोय. त्याची मोटारसायकल उद्या मांडवगणला चाललीय, वाट वाकडी करून पोचवतो म्हणाला. मी येत न्हाई. आत्याला तोंड कुठल्या उजेडात दाखवू? तिला म्हणावं, मी शिकलो ते खरं होतं, फक्त अर्धं होतं.

तुम्हा दोघींचा जीव माझ्यावर असू द्यावा, माझी मागायची हिंमत न्हाई तरी.

बिरदेव

वडगाव रासाई
१२ डिसेंबर २०२४

चि. बिरदेव यास अनेक आशीर्वाद.

सुदर्शन दुपारी येऊन गेला. बल्ब लावला, पेटला नाही. काच शाबूत आहे, पण हलवलं की आत किणकिण वाजतं. रस्त्याच्या खड्ड्यांत तार तुटली असणार. आत्याने तो पदराने पुसून देव्हाऱ्यापाशी ठेवला. तुला एवढंच लिही म्हणाली की वस्तू पोचली. तुटल्याचं लिहू नको म्हणाली.

कोकरू आहे. सकाळी बाटलीने थोडं दूध प्यालं. पण मांडीवरून खाली ठेवलं की थरथरतं, आणि आत्याच्याने आता बसवत नाही. काल उठताना भिंत धरली तिने. मी बसते म्हटलं तर कोकरू माझ्याजवळ रा

मधेच थांबले होते. कुत्री भुंकली म्हणून बाहेर गेले तर दारात तू.

फाट्यापासून चालत आला होतास, हात रिकामे. हौसरावांनी हाकललं म्हणालास. मोटारसायकलवर तार पोचायची नाही, निदान तू तरी पोच, असं म्हणाले. आत्याने घोंगडीसकट कोकरू तुझ्या मांडीवर ठेवलं, माझा हात धरून उठली, आणि पाय मोकळे करता करता म्हणाली, "बस आता. आन् हलू नगंस."

हे पत्र आता टेम्पोत टाकायचं कारण नाही. तू समोरच आहेस, आणि चहा गार होतोय तरी कपाला हात लावत नाहीस.