केसरीनाथच्या घरची हळद

चि. उन्नती हिस,

आज दिल्लीला तुझी शेवटची तोंडी परीक्षा. पास झालीस की रस्त्यांची आणि गाड्यांची आखणी करणारी पक्की इंजिनेर होशील. म्हणून हे पत्र पाठवणार न्हाय, नुसतं लिहितेय. न लिहिलं तर छाती फुटेल.

पहाटे तुझ्या बापाला छातीत कळ आली. आपल्या वळ गावाहून ठाण्याला नेताना कशेळीच्या पुलावर अँब्युलन्स अडकली. पुढे कंटेनर, मागे कंटेनर. तुझा भाऊ प्रितम उतरून ड्रायव्हरांच्या पाया पडत होता, पण ते तरी कुठं सरकणार? माझा धनेश तिथंच गेला. ज्या रस्त्यापायी तू एवढी शिकलीस, त्याच रस्त्यावर.

सगळे म्हणतात, पोरीला कळवा. मी म्हटलं, "संध्याकाळी कळवू. तोवर बाप कुठं पळून जाणार न्हाय." घरातले सगळे फोन पदरात घेऊन बसलेय. बायकांना रडू देत न्हाय. मी चुकत असेन तर कोण सांगणार? मला बोलणारा एकटाच होता, तो आत बर्फावर निजलाय.

मग तुझाच फोन आला. "आजी, एवढा गलका कसला गो?"

"शेजारी केसरीनाथच्या पोरीची हळद हाय. बायका जमल्यात."

तू हसलीस. "मग बाबांना सांग, माझ्या वाटचं पण नाचा."

"सांगते," म्हटलं.

आणि आत जाऊन सांगितलं त्याला. कानात, दोनदा.

तुझी खोटारडी आजी,
राहीबाई