व्हिएन्नाच्या डब्यात बसलेली माणसं

ब्रॅम्पटन,
४ ऑगस्ट २०२४

ती. आत्याआजीस,
केयाचा सा. न. वि. वि.

(पुण्यात सहावीत असताना हे मराठीच्या पेपरात दोन मार्कांना यायचं, म्हणून पाठ आहे. विशेष विनंती काय आहे ते खाली येईलच.)

तू फॅमिली ग्रुप सोडलास त्याला दोन आठवडे झाले. बाबा म्हणाले, चुकून बटण दाबलं गेलं असेल. आई म्हणाली, जिने चाळीस वर्षं लोकांना भूल देऊन परत शुद्धीवर आणलं तिचं बोट चुकून कुठे पडत नाही. मग तू फोन पण उचलेनास, म्हणून हे पत्र. स्टॅम्प कुठे मिळतो हे मला गूगल करावं लागलं, हसू नकोस.

इथली बातमी अशी की बाबा बेसमेंट फिनिश करून घेतायत. तुझ्यासाठी. तुझा कॅल्गरीचा काँडो विकायचा आणि विंटरच्या आत तू इकडे आमच्याकडे शिफ्ट व्हायचंस, असं त्यांनी फायनल केलंय. खिडकी छोटी आहे पण छतातले पॉट लाइट्स मस्त आहेत, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. मी विचारलं, आत्याआजीशी बोललात का. तर म्हणाले, युरोपनंतर आता बोलण्यासारखं राहिलंय काय.

आणि ती युरोपची स्टोरी ते सगळ्यांना सांगतात. ग्रोसरीच्या लायनीत पण. सुरुवात ठरलेली आहे: माझी आत्या, शहात्तर वर्षांची, लग्न केलं नाही, कॅल्गरीत एकटी राहते, जानेवारीत बर्फावर घसरून मनगट मोडलं. मग वॉर्सॉ ते बुडापेस्टची ट्रेन येते. जेवण झाल्यावर आत्या उठून कुठेतरी गेली आणि हरवली, जवळ पासपोर्ट नाही, फोन नाही. इथे ऐकणारे बापरे म्हणतात आणि बाबा पाण्याचा घोट घेतात.

आत्याआजी, ती ट्रेन मी शोधली होती. विमानाने पटकन गेलो असतो, पण मी सगळ्यांच्या डोक्याशी लागून दिवसभराची ट्रेन घ्यायला लावली. एका कॅपिटलमधून दुसऱ्या कॅपिटलमध्ये, मध्ये आणखी दोन देश, आणि वाटेत एका जंक्शनवर डबे तुटून एका ट्रेनच्या दोन होतात. हे मला बघायचंच होतं. आणि बघितलं. प्लॅटफॉर्मवर उतरून व्हिडिओ काढला. त्यात तू पण आहेस. खिडकीत उभी राहून हात हलवतेयस, आणि मी येड्यासारखी तुला बाय करतेय. मला वाटलं नुसतं शंटिंग चाललंय, तुझा डबा पुढे जाईल, मागे येईल आणि परत आम्हाला जोडतील. तेवढ्यात बाबा दुसऱ्या डब्यातून ओरडले की ट्रेन सुटेल, आणि मी पळत त्यांच्याकडे चढले.

हे मी बाबांना सांगायला गेले की ते म्हणतात, तू लहान आहेस. मी एकोणीसची आहे. आणि बुडापेस्टला आम्ही दुसऱ्या दिवशी पोचलो तेव्हा तू काहीच बोलली नाहीस. फक्त म्हणालीस, गरम पाणी छान येतंय, आधी आंघोळी करा. मला तुझ्याकडून ऐकायचंय काय झालं ते. हीच विशेष विनंती.

राग माझ्यावर नसेल तर लिही, असेल तर जास्त लिही.

तुझी,
केया


कॅल्गरी,
१५ ऑगस्ट २०२४

चि. केयास,
अ. आ.

पत्र पोचलं. अक्षर तुझ्या आजोबांच्या वळणाचं आहे, म्हणजे वाईट आहे. राग तुझ्यावर नाही. तू मला बाय केलंस ते मी पाहिलं. मी मात्र बाय करत नव्हते, बोलावत होते.

आता ऐक. तुझे आजोबा, माझा जनार्दनदादा, त्याच्या घरची एक पद्धत होती. गाडी हलली की डबा उघडायचा आणि सगळ्यांनी एका जागी बसून खायचं. देवदत्तने, तुझ्या बाबाने, ती जशीच्या तशी उचलली आहे. आपल्या चारही सीट्स एकाच डब्यात होत्या, पण दोन इकडे आणि दोन पार तिकडे. त्याला शेजारच्या डब्यात एक रिकामं कंपार्टमेंट दिसलं. झालं. बॅगा तिकडे, सीटवर पेपर अंथरला, तिखटमिठाच्या पुऱ्या, लसणाची चटणी, दहीभात. तुझ्या आईने, नीरजाने, विचारलंही, की दुसऱ्याच्या जागेवर बसलेलं चालेल ना. तो म्हणाला, कुणी आलं तर उठू. लसणाच्या वासात कोण येणार होतं.

मी दोन पुऱ्या खाल्ल्या, हात धुतले आणि माझ्या सीटवर जायला निघाले. तुम्ही बसला होतात त्या डब्याच्या दारावर व्हिएन्ना लिहिलेलं होतं. आपल्या डब्यावर बुडापेस्ट. मी मागे फिरून देवदत्तला सांगितलं, की जेवण झाल्यावर इथून हला, हा डबा व्हिएन्नाचा आहे. तो म्हणाला, आत्या, ट्रेन एकच आहे, तू आराम कर. हल्ली मला आराम करायला फार सांगतात.

पुढे जंक्शन आलं आणि ट्रेन एकच राहिली नाही.

कंडक्टर आला. त्याला म्हटलं, माझं तिकीट माझ्या नातीच्या फोनवर आहे, माझा पासपोर्ट भाच्याच्या कमरेच्या पाऊचमध्ये आहे, माझा फोन त्याच्या बॅगेत चार्ज होतोय, आणि हे सगळं आता व्हिएन्नाला चाललंय. तो इतका हसला की समोरच्या सीटवर बसूनच घेतलं त्याने. चांगला माणूस. त्याने तुमच्या गाडीतल्या कंडक्टरला फोन लावून निरोप दिला, की बाई ठीक आहेत, बुडापेस्टच्या हॉटेलवर भेटतील. तो निरोप तुझ्या बाबाला मिळाला हे मला माहीत आहे, कारण पोचल्याचं उत्तर आलं. मी उतरले, चौकशी करत हॉटेलवर गेले, आणि सूप मागवलं.

सूप अर्धं झालं असेल तेव्हा दोन पोलीस आले. फार सभ्य पोरं. त्यांनी मला नाव विचारलं. मग विचारलं, आज वार कोणता. मग, तुम्ही आत्ता कुठल्या शहरात आहात. केया, ऑपरेशननंतर पेशंट शुद्धीवर आला की हे प्रश्न मी विचारायची. जन्मभर विचारले. मी बरोबर उत्तरं दिली आणि त्यांना विचारलं, हे कशासाठी. त्यांनी सांगितलं, व्हिएन्नाहून कळवलंय की एक म्हातारी बाई हरवली आहे, कन्फ्यूज्ड आहे. निरोप मिळाल्यावर हे.

ते सूप मी संपवलं नाही.

मी पडले होते, मनगट मोडलं होतं, ते जुळलं. हरवले कधीच नाही. काँडो विकणार नाही, तुमच्या बेसमेंटमध्ये येणार नाही. हे फोनवर सांगितलं तर मला परत आराम करायला सांगतील, म्हणून फोन उचलत नाही.

तुझ्यावरची माया तेवढीच, काळजी करू नये.

तुझी,
आत्याआजी


ब्रॅम्पटन,
९ सप्टेंबर २०२४

ती. आत्याआजीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि पोलिसांचा भाग आईला मोठ्याने वाचून दाखवला. तिने भांडी जोरात घासली, डिशवॉशर असून.

परवा आपल्याकडे गणपती बसला. आरतीनंतर वीसेक माणसं फॅमिली रूममध्ये मोदक खात होती. संजयकाकांनी विचारलं, आत्यांचा काँडो विकायला लिस्ट झाला का. बाबांनी लगेच सुरू केलं, माझी आत्या, शहात्तर वर्षांची. मी उठले आणि फोन टीव्हीला कनेक्ट केला. म्हटलं, बाबा, तुम्ही सांगा, मी व्हिडिओ लावते.

टीव्हीवर तो व्हिडिओ खूप क्लिअर दिसतो, आत्याआजी. तुझ्या डब्यावरची बुडापेस्टची पाटी दिसते. मग कॅमेरा फिरतो, व्हिएन्नाची पाटी येते, आणि तिच्या वरच्या खिडकीत बाबा, हातात पुरी. वनिताकाकूंनी पॉज करायला सांगितलं. जवळ जाऊन चष्म्यातून बघितलं आणि विचारलं, देवदत्त, तुम्हाला जायचं कुठे होतं. बाबा म्हणाले, बुडापेस्ट. काकू म्हणाल्या, मग आत्या बरोबर गेल्या की.

मग संजयकाका म्हणाले, म्हणजे बेसमेंटमध्ये नक्की कोणी राहायचंय. सगळे इतके हसले की उदबत्तीची राख सांडली.

बाबा हसले नाहीत. ताटं उचलून ठेवली आणि खाली बेसमेंटमध्ये गेले. सगळे गेल्यावर मी त्यांच्या मागे गेले आणि म्हटलं, तिला कन्फ्यूज्ड कोण म्हणालं. ते भिंतीकडे बघत होते. म्हणाले, चारचौघांत करायची गोष्ट होती का ही. मी म्हटलं, हरवली हरवली हे पण तुम्ही चारचौघांतच सांगता, ग्रोसरीतसुद्धा. मला सॉरी म्हणायचं नव्हतं, आणि मी म्हटलं पण नाही. तुला जबरदस्तीने आणलं तर मी स्वतः तुला परत कॅल्गरीला सोडून येईन, हे पण सांगितलं. ट्रेनने. ती तिथे जात नाही हे मला माहितीये, एडमंटनला उतरून पुढचं बघू.

शेवटी म्हणाले, मी लिहितो तिला. ते काय लिहितील मला माहीत नाही. पण तू ऐकू नकोस.

मोदक तुझ्या वाटणीचा पण मीच खाल्ला.

तुझ्या बाजूची,
केया


ब्रॅम्पटन,
१६ सप्टेंबर २०२४

ती. आत्यास,
कृ. सा. न. वि. वि.

केयाने काय कळवलंय ते मला ठाऊक आहे, म्हणून ते परत लिहीत नाही. डबा चुकला तो माझ्यामुळे. तू सांगितलं होतंस.

निरोप मिळाला होता, हेही खरं. बाई ठीक आहेत, असं त्या कंडक्टरने सांगितलं. आत्या, पुण्यात बाबा गेले त्या दिवशी शेजारच्यांनी मला फोनवर हेच सांगितलं होतं, की ठीक आहेत, झोपलेत. मी एअरपोर्टवर चेक-इनच्या रांगेत होतो. पुण्याला उतरलो तेव्हा सगळं झालं होतं. त्यानंतर कुणी ठीक आहे म्हटलं की मला घाम फुटतो. व्हिएन्नाला पोलीस म्हणत होते, निरोप आलाय तर थांबा. कन्फ्यूज्ड म्हटल्याशिवाय ते हलले नसते, म्हणून म्हटलं. त्यांनी तुला असे प्रश्न विचारले हे मला केयाकडून कळलं. ते व्हायला नको होतं.

पण बेसमेंट तयार आहे. वॉशरूममध्ये धरायला दांडे लावून घेतलेत. या वेळी मला लांब राहायचं नाहीये. तिकडे तुला काही झालं तर मी इथून काय करणार. हट्ट सोड, एवढंच मागतोय.

लहान समजून सांभाळून घे.

तुझा,
देवदत्त


कॅल्गरी,
२७ सप्टेंबर २०२४

चि. देवदत्तास,
अ. आ.

पत्र वाचलं. शेजाऱ्यांच्या फोनचं तू मला आधी कधी बोलला नव्हतास. कालचा दिवस मी त्यातच होते.

दादाला इकडे आणायला मी दोनदा पुण्याला गेले होते. दोन्ही वेळा त्याने मला चहा पाजला, बाजारातून सीताफळं आणून खायला घातली आणि परत पाठवलं. तुला इकडे यायला त्यानेच लावलं, आणि स्वतः राहिला, कारण त्याला तिथेच राहायचं होतं. तू त्याला सोडून आला नाहीस. तो त्याच्या घरात, त्याच्या पलंगावर गेला, आणि मरण कसं येतं ते मी पुष्कळ जवळून पाहिलंय, तेव्हा हे माझ्याकडून ऐकून घे: तू रांगेत नसतास, उशाशी असतास, तरी तो गेलाच असता. तुला फक्त त्याचा हात धरायला मिळाला असता. त्याचं दुःख मोठं आहे. पण ते माझ्या काँडोने भरून निघणार नाही.

आणखी एक. दादा पुणं सोडेना तेव्हा आपण सगळे म्हणायचो, त्याचा स्वभावच तसा. मी कॅल्गरी सोडत नाही तर तो हट्ट.

काँडो लिस्ट करायला तू ज्याला सांगितलं होतंस त्याचा फोन आला होता. त्याला नाही म्हटलं, आणि परत करू नकोस म्हटलं. बेसमेंट केयाला दे, तिला मैत्रिणींना बोलवायला जागा नाही. वॉशरूमचे दांडे राहू देत, तूही आता बावन्नचा आहेस.

मी परत पडेन. या वयात या बर्फात पडणारच. समोरच्या उमाकडे माझ्या दाराची किल्ली असते, आणि आता तुझा नंबरही दिलाय. ती तुला जे सांगेल ते खरं असेल. ठीक आहे म्हणाली तर ठीक आहे, आणि ये म्हणाली तर लगेच ये. तेवढा विश्वास ठेवायला शीक. त्याच्यापुढचं तुझ्या हातात नाही आणि माझ्याही नाही.

रविवारी सकाळी फोन कर. मी उचलेन. पडलीस का, असं विचारून सुरुवात करू नकोस.

माया आहेच. वाढेल की नाही, ते तुझ्या पहिल्या वाक्यावर.

तुझी,
आत्या