आधीचा घरमालक कोण?

तीर्थस्वरूप आतोबा यांना,

वसतिगृहाच्या अरुंद पलंगावर बसून जितकं वाकता येईल तितकं वाकून नमस्कार. तुमचा गुडघा काय म्हणतो? आत्याचा खोकला गेला, की ती अजून काढा कुंडीत ओतते? (ओततेच. मी पाहिलंय.) माझी प्रकृती उत्तम आहे, डोकं सोडून.

परदेशातल्या या इस्पितळातलं काम छान चाललंय. दिवसभर लोकांचं रक्त तपासते आणि संध्याकाळी घरं बघते. फरक इतकाच, की रक्त काढायच्या आधी आम्ही माणसाला सांगतो, आता जरा टोचेल. वसतिगृहात कुटुंबाला ठेवू देत नाहीत. येत्या वीस तारखेला हे आणि छकुली येताहेत, आणि शाळा म्हणते, आधी घराचा पत्ता दाखवा, मग मुलीचं नाव घालू. म्हणून एक दलाल गाठला. (इथे दलालाला सल्लागार म्हणायचं. सल्ला तो एकच देतो, ‘लगेच ठरवा’.) याचे बूट इतके चकचकीत, की त्यात पाहून केस विंचरावेत. त्याने पहिल्या घराचं वर्णन ‘भरपूर उजेड, आटोपशीर स्वयंपाकघर’ असं केलं होतं. उजेड खरोखर होता, पण तो जिन्यातल्या दिव्याचा, दारावरच्या काचेतून आत येणारा. आणि स्वयंपाकघर एवढं आटोपशीर, की शेगडीपाशी उभं राहिलं की पाठ न्हाणीघरात. मी विचारलं, आम्ही दोघं एकदम स्वयंपाकघरात आलो तर काय करायचं? तो घड्याळाकडे बघत म्हणाला, “एकाने अंघोळ करावी.” चेष्टा करत नव्हता हो. त्या माणसात चेष्टा करण्याइतकी माणुसकीच नाही.

दुसऱ्या घरासमोर वीसेक माणसं रांगेत उभी. मला वाटलं, आत कुणी गेलं की काय. पण सगळे घर बघायलाच आले होते, आणि प्रत्येकाच्या काखेत फाईल, मुलगी दाखवायला आल्यासारखी. माझ्या पुढच्या जोडप्याने तर आपल्या कुत्र्याचं शिफारसपत्र आणलं होतं. आधीच्या घरमालकाने लिहून दिलेलं, की हा कुत्रा शांत आहे, विनाकारण भुंकत नाही. मी चेष्टेने हसले, तर बाई म्हणाल्या, “तुमचं पत्र कुठाय?” माझ्याकडे नव्हतं. घर कुत्र्याला मिळालं.

तिसरं घर मात्र खरंच चांगलं. दोन खोल्या, उघडणारी खिडकी (इथे हे वेगळं सांगावं लागतं), शाळा दोन गल्ल्यांवर. मालकीणबाई खालच्या मजल्यावर राहतात. वय सत्तरीचं, हातात वही. मला खुर्चीवर बसवलं आणि सुरू. आठवड्यातून किती वेळा तळता? घरात चप्पल घालता का? रविवारी कपडे धुता का? मुलगी उड्या मारते का? मी म्हटलं, सात वर्षांची आहे, मारणारच. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. एवढी चौकशी माझ्या लग्नात सासूबाईंनी केली नव्हती, आणि त्या तर मला कायमची ठेवून घेणार होत्या. मग बाईंनी विचारलं, “आधीचा घरमालक कोण?”

मी म्हटलं, “कुणी नाही.”

“मग राहत कुठे होतात?”

“आधी वडिलांकडे. शिकताना आत्याकडे. मग सासरी.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. “म्हणजे इतक्या वर्षांत तुम्हाला कुणीच घर भाड्याने दिलं नाही?”

असं विचारलं जणू मी तुरुंगातून सुटून आलेय. आतोबा, मला पस्तिसावं लागलं. आजवर प्रत्येक घरात माझी वाट बघणारं कुणीतरी होतं, आणि त्या बाईंच्या वहीत तीच माझी सगळ्यात मोठी उणीव ठरली. मला राग आला, मग रडू आलं, मग मी म्हटलं, गुरुवारपर्यंत पत्र देते. आणि उठले. असल्या शिष्ट लोकांच्या दारात मी पुन्हा पाय ठेवणार नाही, हे जिन्यातच ठरवून टाकलं.

आत्याला साष्टांग नमस्कार. तुम्ही गुडघ्याला तेल लावत जा.

तुमची,
भाचीबाई

ता. क. पत्र तुम्हीच लिहायचं आहे. चार वर्षं तुमच्याकडे राहिले, म्हणजे घरमालक तुम्हीच. शांत, स्वच्छ, नळ आठवणीने बंद करते, असं लिहा. आत्याची सही घेऊ नका. ती खरं बोलते.

ता. क. २. घर सोडल्याचं कारण ‘लग्न’ एवढंच लिहा. नळ उघडा ठेवून मी कॉलेजला गेले आणि खालच्या दुकानातले कापडाचे गठ्ठे भिजले, ते दोनदा झालं असलं तरी लिहू नका.

ता. क. ३. मालकीणबाई गुरुवारी तुम्हाला फोन करतील. त्यांचं इंग्रजी तुमच्याइतकंच आहे, घाबरू नका. पाच प्रश्न विचारतील. चारांना हो म्हणा. पाचवा असा, की ही बाई परत आली तर तुम्ही तिला घरात घ्याल का? तिथे मात्र तुमच्या सवयीप्रमाणे विचार करत बसू नका.