अकरा नोव्हेंबरची चार पानं

३ नोव्हेंबर
टोकावड्याच्या दवाखान्यातल्या ख्रिस्ती सिस्टरांनी त्यांच्या संतांचं जुनं पुस्तक दिलं. प्रत्येक तारखेला संत, एकेका दिवशी पाच-पाच! मी आधी अकरा नोव्हेंबर उघडलं. सात वर्षांपूर्वी यांना अग्नी दिला तो दिवस. हरवलेला बैल शोधायला सिद्धगडाच्या रानात गेले आणि आठवड्याने कड्याखाली सापडले. प्राण कधी गेला, कुणाला ठाऊक? तिथी नाही, म्हणून सर्वपित्रीला सगळ्यांच्या घोळक्यात जेवतात. मला ते पटत नाही. त्यांना स्वतःचा दिवस हवा.

५ नोव्हेंबर
चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मार्टिन गेला आठ नोव्हेंबरला, सण मात्र अकराला — मातीत ठेवला त्या दिवशी! म्हणजे चालतं की. त्याच दिवशी मेनास, मिसरचा शिपाई, चित्रात दोन्ही बाजूंना उंट. आणि थिओडोर, मठातला, राजाशी भांडून हद्दपार झालेला. मध्ये शेकडो वर्षं, तरी एका पंक्तीत.
यांचाही दिवस अकराच. ठरलं.

८ नोव्हेंबर
कापणी संपली. पाठ दुखते.

११ नोव्हेंबर
चार पानं वाढली. एक यांचं, तीन त्या तिघांची. थिओडोरच्या बिरड्यात तिखट कमी, मठातला माणूस तो. मालू, माझी जाऊ, दारातच थबकली.
"हे तिघं कोण गो?"
"मार्टिन, मेनास, थिओडोर."
"आपल्या गोतातले नाय वाटत!"
पुस्तकातलं चित्र दाखवलं, तर म्हणते, "मग उंटांना काय, पेंढा?" हसत हसत बसली आणि मेनासचं पान तिनंच संपवलं.
सिस्टरांना फोन केला. म्हणाल्या, आमच्यात संतांना जेवायला वाढत नाहीत. मग काय उपाशी ठेवायचे?
फार दिवसांनी मी दोनदा भात घेतला.

१४ नोव्हेंबर
भात झोडायला नवी बाई आली — लहानी नावाची, सिद्धगडाखालच्या वाडीवरची. पाणी प्यायला आत आली आणि यांच्या फोटोपाशी थांबली.
"हे बाबा? वाघबारशीला आमच्या दारात भाकर खाल्ली यांनी. अंधार पडत होता. आमी म्हटलं, थांबा. नाय थांबले. 'घरी ती जेवायची थांबली असंल' म्हणाले नि कड्याच्या वाटेनं गेले."
मी खरंच थांबले होते.

१५ नोव्हेंबर
तिथी मिळाली. वाघबारस, दिवाळीच्या तोंडावरची आश्विन वद्य बारस. पुढच्या वर्षासाठी पहिल्या पानावर लिहून ठेवली.
मग खोडली. त्या दिवशी ते एकटे होते. अकराला तिघं सोबत असतात.