गच्ची, गाड्या आणि माझं शाबूत डोकं

मी, अनुपमा वसंत पळसोकर, वय अडुसष्ट, भूमितीची निवृत्त शिक्षिका, राहणार जठारपेठ, अकोला, हे मृत्युपत्र कुणाच्याही दडपणाविना, दुपारची झोप काढून, ताज्या डोक्याने लिहीत आहे. डोक्याचा उल्लेख मुद्दाम करते, कारण माझे चिरंजीव ॲड. उद्धव यांना त्याची शंका आहे. आईला वेडी ठरवायचं आणि हे घर बिल्डरच्या घशात घालायचं, असा त्यांचा बेत आहे. पुरावा काय, तर आई गच्चीवर रिमोटच्या गाड्या आडव्या पळवते.

१. याला ड्रिफ्टिंग म्हणतात. गाडीला गुळगुळीत प्लास्टिकची चाकं लावायची, वळणावर तिची मागची बाजू घसरू द्यायची आणि पुढची चाकं उलट्या दिशेला धरून तिला सावरायचं. यजमानांनी हयातभर मला मोटारीच्या स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. गाडी पूर्ण आडवी जाते आणि तरी माझ्या हुकमात असते, हे सुख मला संसारात कधी मिळालं नाही. लिहायला लाज कसली?

२. गेल्या चैत्रात मी भाचीच्या लग्नाला मोर्शीला गेले, तेवढ्यात उद्धवने गच्चीच्या घोटीव फरशीवर खरखरीत, न घसरणारा लेप मारून घेतला. म्हणे, "आई, तू पडशील." अरे शहाण्या, घसरायची ती गाडी, मी नाही! त्या दिवशी मी ढसाढसा रडले. त्या लेपाचं उरलेलं डबडं मी उद्धवच्या नावे करते. जिभेला लावावं, फार घसरते.

३. सर्व गाड्या, रिमोट आणि चार्जर शेंदूरजनाघाटचे संत्रा बागायतदार नत्थुजी यांना. त्यांची मुलगी माझी विद्यार्थिनी. गच्चीची कथा ऐकून म्हणाले, "ताई, रडून काहून राहिल्या? आमच्या शेडात या ना. संत्र्याचा हंगाम सरला का फरशी रिकामीच पडून रायते." तेव्हापासून आमचा खेळ तिथे चालतो. नत्थुजींची गाडी दर वळणाला भिंतीवर आपटते, पण माणूस सरळ आहे.

४. उद्धवने माझी तपासणी करायला अमरावतीहून मानसोपचारतज्ज्ञ आणले. त्यांनी मला वार विचारला, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. मी केले, आणि वर त्यांच्या वजाबाकीतली चूकही काढली. त्यांचा दाखला सोबत जोडला आहे : "स्मरणशक्ती व आकलन उत्तम. स्वभाव तिखट." फी उद्धवने भरली, त्याबद्दल आभार.

५. आता घर. उद्धव, इथे तू चष्मा पुसशील. घर या मृत्युपत्रात नाही. ते मी जिवंतपणीच, रीतसर नोंदणी करून, बक्षीसपत्राने सूनबाई देवश्रीला दिलं आहे. दर गुरुवारी ती मला घेऊन पहाटे शेगावला दर्शनाला जाते आणि रात्री परतते, अशी तुझी समजूत आहे. ती नत्थुजींच्या शेडात माझ्याशेजारी रिमोट धरून उभी असते. तू डोळे मिटून खातोस तो प्रसाद शेडाच्या वाटेवरच्या, वरूडच्या मिठाईवाल्याचा. पोर माझ्यापेक्षा सफाईने वळण घेते. तुझ्या घरात तिला एवढं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं.

घर ठेवायचं की विकायचं, ते ती ठरवेल. तुला तिथे राहायचं असेल तर तिला विचार. नीट विचार, मला विचारायचास तसं नको.

मी साक्षीदारांदेखत सही केली, त्यांनी माझ्यादेखत केली. कुणी कुणाचा हात धरला नाही.

सही : अनुपमा वसंत पळसोकर

साक्षीदार :
१. डॉ. केयूर मुळे, मानसोपचारतज्ज्ञ, अमरावती (वर उल्लेखिलेले)
२. जानराव इंगळे, शेजारी, जठारपेठ

स्थळ : अकोला
दिनांक : ११ ऑगस्ट २०२५