आत्याबाईंची बारी

८ जून, रविवार

आत्याबाईंना कधी नेताय म्हणून भाऊजींना फोन केला, अन् वरून मलाच म्हणतात, "वहिनी, आज कामाचा दिवस हाय, नंतर करा." रविवारी! मलेशियातल्या त्या केदाह राज्यात शुक्रवार-शनिवार सुट्टी असते म्हणे. शुक्रवारी केला तर नमाजाचा वार, सगळं बंद. भाऊजींनी घरच्या देवापुढं कधी उदबत्ती लावली नाय, पण तिथली सुट्टी बरोबर पाळतात! शनिवारी पोरांना घेऊन समुद्रावर. मग आईसाठी कोणता वार ठेवलाय?

सासरे गेले त्याला सात वर्षं झाली. तेव्हाच गावी, देवगाव रंगारीला, चार भाऊबंदांसमोर बारी ठरली व्हती — आत्याबाई, म्हणजे सासूबाई, दोन वर्षं आमच्याकडं, दोन वर्षं धाकट्याकडं. आमची दोन भरायच्या आत विश्वजीत भाऊजी तिकडं पळाले. कंपनीनं धाडलं म्हणे. बजाजनगरच्या दोन खोल्यांत आत्याबाई, मी, पोरगी, अन् शिफ्टवरून येऊन झोपणारे हे. ह्यांना म्हणावं तर "बोलतो त्याला." कधी? घोरता घोरता?

११ जून

आज भाऊजींचा स्वतःहून फोन. मला वाटलं लाज वाटली. कशाची! राजाचं कौतुक सांगायला केला व्हता. त्या देशात नऊ राजे. पाळीपाळीनं पाच-पाच वर्षं सगळ्या देशाचा थोरला राजा व्हायचं. मतं टाकतात, पण नंबर ठरलेलाच. मुदत भरली की उठायचं, दुसऱ्याला बसवायचं. भांडण नाय, रुसवा नाय. केदाहच्या आधीच्या सुलतानाचा नंबर तर दोनदा आला म्हणे.

मी म्हणलं, "दोनदा ऱ्हाऊ द्या भाऊजी, तुमचा एकदा तरी येऊ द्या."

रेंज गेली. नेमकी तेव्हाच.

१२ जून

राज्याचा कारभार तिथला मुख्यमंत्री बघतो, सुलतान सही करतो म्हणे. यात नवल काय? आमच्या घरात हेच चालू हाय. कारभार मी, सही ह्यांची.

१५ जून, रविवार

धाकट्या जावेचा, श्रेयाचा फोन. सुलतानाच्या राजवाड्यावर काहीतरी समारंभ, कंपनीच्या चार लोकांना आमंत्रण. भाऊजी आत्याबाईंनी पाठवलेला हळदीच्या रंगाचा फेटा बांधून निघाले! शेजाऱ्यानं जिन्यातच धरलं — पिवळा रंग राजघराण्याचा, बाकीच्यांनी तिथं घालायचा नसतो. फेटा काढला, काळी टोपी घातली, मग गेले. श्रेया हसत व्हती, मग हळूच मुद्द्यावर आली. "इथं लई रीतीभाती, ताई. बोट सुद्धा दाखवायचं नसतं कुणाकडं, अंगठ्यानं दाखवायचं. आईंना या वयात कसं जमंल?"

अंगठा तर सात वर्षं दाखवतायच तुम्ही, म्हणलं. त्यात शिकण्यासारखं काय ऱ्हायलं?

फोन स्पीकरवर व्हता. आत्याबाई शेंगा सोलत व्हत्या. मान वर केली नाय.

१६ जून

आज पोरीकडून भाऊजींना मेसेज टाइप करून घेतला. न्यायची का नाय, गुरुवारपर्यंत कळवा. परवा-तेरवा चालणार नाय.

१८ जून

वाचलंय. निळ्या खुणा आल्यात. उत्तर नाय. पण राजवाड्यापुढचा फोटो टाकलाय. त्याला ह्यांनी हात जोडलेत!

१९ जून, गुरुवार

भाऊजींचं काही आलं नाय. आत्याबाईंनी मला समोर बसवलं. आवाज चढवला नाय. म्हणल्या, "रूपा, सात वर्षं ऐकतीय मी कुणाच्या बारीची. मला कुणी इचारलं का? इश्वजीतकडं मला जायचंच नव्हतं कधी. देवगावात माझी खोली हाय अजून. त्याचं ऱ्हाऊ दे, तू तुझं सांग. मी तुला हवी का नको? रविवारपर्यंत सांग."